कोसाडला आमच्याआधी कोण जाऊन आलं?

या ग्रुपवर मी दोन-तीन वर्षं नुसता वाचतोय. खरं सांगतो, हसायलाच वाचायचो. कँटीनमध्ये डबा खाताना तुमचे अनुभव मोठ्याने वाचून दाखवायचो आणि म्हणायचो – "घ्या, अजून एक पांढरी साडी." त्याबद्दल आधी माफी मागतो.

आमच्या घरात हे काही नव्हतंच. वडील भुसावळकडचे, मिलच्या नोकरीसाठी सुरतला आले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. उतारा, नवस, लिंबू-मिरची हे शब्द वडिलांसमोर काढायची सोय नव्हती. चाळीत एका बाईच्या अंगात यायचं, तर वडील तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि तिच्या नवऱ्याला सांगायचे, "उपाशी आहे ती. आधी जेवायला घाल." मी त्यांचाच मुलगा. नाव मिलिंद, वय छत्तीस. हजिऱ्याच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे – म्हणजे प्रेशर आणि तापमान दाखवणारी मीटर बरोबर दाखवतात की नाही, ते तपासणारा माणूस. वडील गेल्यापासून सुरतच्या दिंडोलीला आई आणि मी, दोघंच राहायचो. लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं, मग मीच तो विषय बंद केला.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर माझ्या मावसबहिणीचा, वर्षाचा फोन आला. ती पुण्याला वकील आहे. म्हणाली, "एक बाई बेल्जियमहून येते आहे. दत्तक गेलेली मुलगी. सुरतच्या एका बालगृहातून दीड वर्षाची असताना नेली होती. आई शोधायची आहे. तिला इंग्रजी, मराठी, गुजराती तिन्ही येणारं कोणीतरी हवंय – आणि अहिराणी समजली तर फारच चांगलं."

"मी काय गाईड आहे का?"

"तू रिकामा आहेस," वर्षा म्हणाली. ते खरंच होतं.

तिचं नाव योहाना. वय तेहतीस, गेंट नावाच्या गावात लहान मुलांच्या शाळेत शिक्षिका. स्टेशनवर मी तिला ओळखलंच नाही, कारण मी परदेशी बाई शोधत होतो. समोर उभी होती ती आमच्या गल्लीतल्या कोणाचीही बहीण वाटावी अशी. सावळी, रुंद कपाळ, जाड वेणी. फक्त उभं राहण्याची पद्धत आपल्याकडची नव्हती. रिक्षावाला तिच्याशी सरळ गुजरातीत बोलायला लागला, आणि ती माझ्याकडे बघून हसली… त्या हसण्यात इतकी लाज होती की मीच पुढे होऊन त्याला उत्तर दिलं. नंतर तिने सांगितलं, "तिकडे मला सगळे विचारतात, तू कुठची? इकडे कोणी विचारत नाही, तर मला उत्तर देता येत नाही."

तिच्याकडे कागद एकच होता. त्यावर मुलीचं नाव – कल्पना. आईचं नाव – सिंधू. भाषा मराठी. बस्स.

तीन आठवडे आम्ही फिरलो. बालगृह केव्हाच बंद पडलेलं, त्या जागी साड्यांचं गोडाऊन. मी शिफ्ट बदलून घेतल्या, रजा टाकल्या. ती माझ्या बाइकवर मागे बसायची, आणि स्पीडब्रेकर आला की खांद्याला धरायची आणि लगेच सोडायची. एकदा लोचो – चण्याच्या डाळीचा मऊ, वाफाळता सुरती नाश्ता – खाताना तिला इतका ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. त्याच अवस्थेत ती म्हणाली, "अजून एक प्लेट." मला वाटतं मी तिथेच तिच्यात अडकलो. पण बोललो नाही. ती आई शोधायला आली होती, आपण मध्येच आपलं काहीतरी पुढे करायचं, हे बरं नव्हे. शिवाय ती परत जाणार होती.

तिला आईला एकच गोष्ट विचारायची होती. रागाने नाही. "तिने मला का सोडलं, एवढंच. जे असेल ते. मला ते तिच्या तोंडून ऐकायचंय."

शेवटी सुरतजवळच्या सचिन गावात एक म्हातारी सापडली, शांताबेन. त्या बालगृहात आया होत्या. कागद न बघताच म्हणाल्या, "सिंधू? हा, याद छे." मग गुजरातीत सांगत गेल्या. मुलगी गेल्यावरही सिंधू पाच-सहा वर्षं दर आखाजीला गेटवर यायची. (आखाजी म्हणजे अक्षय तृतीया – खान्देशात या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात.) कपड्यात गुंडाळून सांजोऱ्या आणायची. पोर बेल्जियमला गेली असं सांगितलं, तर विचारायची, तिथे जायला कुठली गाडी लागते. पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला. आता ती सुरतच्याच कोसाड भागातल्या सरकारी आवास कॉलनीत राहते, साड्यांचे धागे कापायचं काम करते, असं शांताबेननी दोन-तीन वर्षांपूर्वी ऐकलं होतं.

योहानाने हे सगळं माझ्या तोंडून ऐकलं. रडली नाही. फक्त विचारलं, "सांजोरी कशी असते?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी अकराच्या सुमारास आम्ही कोसाडला पोहोचलो. बाइक लावताना मी तिला बजावलं – एकदम काही सांगायचं नाही. बाईने ही गोष्ट घरी लपवली असेल. आपण सर्व्हेवाले आहोत असं सांगू, आधी एकटीला गाठू. ती मान हलवत होती.

नाव विचारत विचारत एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो. पॅसेजमध्ये एक पन्नाशीची बाई मांडीवर साडी घेऊन धागे कापत बसली होती. तिने वर पाहिलं. कात्री खाली ठेवली. आणि योहानाकडे बघून म्हणाली,

"उनी का माय तू? इतला दिन लागनात तुले?"

आलीस का गं तू, इतके दिवस लागले तुला?

मला वाटलं, चुकून दुसरं कोणीतरी समजली. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "जवाई, तुम्ही बी बठा." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. "तुन्ही माय गयी वं… तुम्ही गयात, नी चवथा रोज ती गयी."

योहाना माझ्याकडे बघत होती. काय म्हणते ती? तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मी एक वाक्य तिला लगेच सांगितलं नाही. तिने माझी बाही धरली. "मिलिंद. काय म्हणाली?"

तेवढ्यात आतून एक तरुण बाहेर आला. तेवीस-चोवीसचा. त्याचंही कपाळ रुंद. तो सरळ योहानाच्या पाया पडला. "कल्पनाताई." मग माझ्याकडे – "दाजी, या ना. हजिऱ्यालाच ना अजून?"

मी आयुष्यात त्या माणसाला पाहिलं नव्हतं.

आत बसवलं. एक खोली, पलंग, भिंतीवर हार घातलेला फोटो. फोटोतल्या बाईला पाहून योहाना उठून फोटोजवळ गेली. तोच चेहरा, वीस-पंचवीस वर्षांनी मोठा. तो तरुण म्हणजे सिंधूबाईंचा मुलगा गणेश, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मशीन चालवतो. धागे कापणारी बाई शेजारीण, लतामावशी. मी तुकड्यातुकड्यांनी विचारत गेलो, आणि ते दोघं 'हा काय विचारतोय' अशा नजरेने सांगत गेले.

गेल्या आखाजीला, म्हणजे आम्ही तिथे जायच्या सहा-सात महिने आधी, सकाळी आम्ही दोघं आलो होतो. मी आणि योहाना. तिने सांगितलं, मी कल्पना. हा माझा नवरा मिलिंद, जयभीमवाले आहेत, हजिऱ्याला नोकरीला. सिंधूबाई आधी बघतच राहिल्या, मग मिठी मारून ओक्साबोक्शी रडल्या. पुरणपोळी, आमरस झाला. कल्पनाने आईला हाताने भरवलं. मी गणेशच्या मिक्सरची वायर दुरुस्त करून दिली. जेवल्यावर सिंधूबाईंनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि लेकीला घेऊन अर्धा तास दार लावून बसल्या. चारच्या सुमारास आम्ही निघालो. चौथ्या दिवशी सिंधूबाई झोपेतच गेल्या.

"नंबर घ्यायचा राहून गेला," गणेश म्हणाला. "ताई, किती शोधलं तुम्हाला मी. मम्मी गेली ते सांगायला."

"ती मराठी बोलत होती?" मी विचारलं.

"हा. थोडी तुटक-तुटक. का?"

योहानाला तेव्हा मराठीतले दहा शब्द येत होते.

मी तिला सगळं सांगितलं, एकेक वाक्य. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बंद होत गेला. शेवटी तिने विचारलं, "त्या अर्ध्या तासात काय बोलली ती?" मी लतामावशींना विचारलं. त्यांनी मान हलवली. "मायलेकीन्या गोठी. आपुन कसं ऐकाव?"

खाली उतरल्यावर योहाना बाइकवर बसली नाही. भर उन्हात माझ्यासमोर उभी राहिली. "तू आधी इथे आला होतास."

"नाही."

"त्याला तुझं नाव माहीत आहे. तुझी नोकरी माहीत आहे. कोणीतरी बाई घेऊन तू आलास आणि मी आहे असं सांगितलंस. का? कशासाठी?"

"योहाना, तेव्हा मला तू या जगात आहेस हेही माहीत नव्हतं."

"तेच तर म्हणतेय मी. दुसरं काय असू शकतं?"

तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. ती रिक्षा करून हॉटेलवर गेली. वर्षाच्या मध्यस्थीने तिने आणि गणेशने डीएनए टेस्ट केली. रिपोर्ट पुढे आला – आई एक, बाप वेगळे. म्हणजे घर बरोबर होतं, माणसं बरोबर होती. तोवर ती निघून गेली होती, मला न भेटता.

मी प्लांटच्या टाइम ऑफिसमधून माझी हजेरी काढली. आखाजीच्या दिवशी आमचं शटडाउन चालू होतं. सकाळी सहाला गेट-पंच आत, संध्याकाळी सातला बाहेर. मध्ये मी एका टॉवरवर होतो, तीन माणसं बरोबर. त्याचा फोटो तिला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

आईने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिलिंद, कोण का गेलं असेना… त्या बाईला मरायच्या आधी पोर भेटली ना?" मला तेव्हा तेवढाच आधार वाटला.

जानेवारी संपता संपता योहानाचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे दुपार, तिच्याकडे सकाळ. चेहरा उतरलेला. म्हणाली, "गणेशने फोटो पाठवलाय." त्या दिवशी गणेशने एक फोटो काढला होता, पण तो जुन्या मोबाइलमध्ये होता आणि त्याचा डिस्प्ले गेला होता. आता तो दुरुस्त करून त्याने पाठवला होता.

तिने मलाही पाठवला. सिंधूबाई पलंगावर बसल्यात, तोंड उघडलेलं, हसू अर्धवट. बाजूने एक हात येतोय, पुरणपोळीचा घास धरलेला. बाकी माणूस चौकटीच्या बाहेर. मनगटात हिरव्या बांगड्या. आणि बांगड्यांच्या वर, मनगटाच्या आतल्या बाजूला त्रिकोणी भाजल्याचा डाग.

योहानाने तिचा हात कॅमेऱ्यासमोर धरला. तोच डाग. सात वर्षांची असताना तिकडच्या आईची इस्त्री लागली होती. मी तो रोज पाहिलेला, लोचोच्या प्लेटवर.

"मी त्या दिवशी शाळेत होते," ती म्हणाली. "वर्गात मुलं होती. एकाचा वाढदिवस होता, मी केक कापलाय. तेव्हा सुरतला यायचं ठरलंही नव्हतं." मग म्हणाली, "तू फसवलं नाहीस मला. सॉरी. पण मग हे कोण आहे, मिलिंद?"

फोटोची तारीख मी स्वतः तपासली, गणेशच्या मोबाइलवर. आखाजीचीच. ज्यांना वाटतंय की फोटोत काही केलंय, त्यांना एवढंच सांगतो – गणेशला योहानाच्या हातावरचा डाग माहीत असायचं काही कारण नव्हतं. आम्ही गेलो त्या दिवशी तिने पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होता.

त्यानंतर आम्ही रोज बोलायला लागलो. भीती वाटणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांना धरून बसावं तसं. मार्चमध्ये ती शाळेतून वर्षभराची रजा घेऊन परत आली. स्टेशनवर मी तिला विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "ते तू ठरव."

मी ठरवलं. पण तिने लगेच हो म्हटलं नाही. तापीच्या पुलावर बाइक थांबवून ती म्हणाली, "ती दोघं नवरा-बायको होती. मला कळत नाही, मी तुला निवडतेय, की कोणीतरी आधीच निवडून ठेवलंय आणि मी नुसती मागून चाललेय."

मी म्हणालो, "त्यांनी कोसाडला काय सांगितलं ते त्यांचं. त्यांचा मिलिंद काय बोलला मला माहीत नाही. मी विचारतोय. तू नाही म्हणालीस तर मी तुला हॉटेलवर सोडीन आणि उद्या नाश्त्याला घ्यायला येईन."

ती हसली, मग तिथेच रडली, मग हो म्हणाली. या क्रमाने.

एप्रिलच्या सुरुवातीला विहारात साधं लग्न झालं. आई चुडा घेऊन आली, हिरवा. योहानाने हात मागे घेतला. "आई, कुठलाही रंग. हा नाही." आई जाऊन पिवळ्या बांगड्या घेऊन आली.

खरा त्रास लग्नानंतर सुरू झाला. योहाना दिवसा बरी असायची. आईबरोबर भाकरी थापायची, बाराखडी गिरवायची. पण कोसाडचं नाव काढलं की बंद. गणेश दर रविवारी फोन करायचा – ताई, या ना. ही म्हणायची, पुढच्या आठवड्यात. आखाजीला तो स्वतः घ्यायला आला, माहेरची साडी घेऊन. ती बाथरूममध्ये जाऊन बसली ती तो जाईपर्यंत बाहेर आली नाही.

"मी का जाऊ?" ती मला म्हणाली. "ती जाऊन आली ना. आईला मिठी मारली, तिला हाताने भरवलं. मी जे विचारणार होते त्याचं उत्तरही तिलाच दिलं. अर्धा तास दार लावून दिलं. माझ्या आईची माझ्याशी भेट झाली, मिलिंद. फक्त मी नव्हते तिथे."

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. हे ती बोलली तेव्हा मला काहीतरी माहीत होतं, जे मी तिला सांगितलं नव्हतं.

लग्नाचं आमंत्रण द्यायला मी कोसाडला एकटाच गेलो होतो. गणेश कामावर होता. लतामावशींनी पाणी दिलं, साडी मांडीवर ओढली, आणि धागे कापता कापताच म्हणाल्या, "जवाई, एक गोठ मन्हा पोटमा शे. सांगू का नको, समजत नही." पोटात आहे ती गोष्ट कधीतरी बाहेर यायचीच, म्हणून त्यांनी सांगितली.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधूबाई त्यांच्याजवळ धागे कापायला बसल्या होत्या. मावशी म्हणाल्या, "सिंधू, नशीबवान शेस. पोर उनी." सिंधूबाई धागे कापत राहिल्या. मग म्हणाल्या,

"ती मन्ही पोर नही व्हती, लता."

दार लावून त्यांनी लेकीच्या डोक्याला तेल घातलं होतं. जन्मतःच कल्पनाच्या टाळूवर, केसांच्या आत, लाल डाग होता. बोराएवढा. आईशिवाय कोणाला दिसू नये असा. तेल घालताना त्यांनी केस बाजूला केले. डाग नव्हता.

"मंग तू काबर नही बोलनी तिले?" मावशींनी विचारलं होतं.

"कितला जीव लावा तिनी माले. मंग मी काबर बोलू?" इतका जीव लावला तिने मला, मग मी का बोलू. आणि मग – "तिनी इचारं, काबर सोडं. ते मी सांगं नही. जिनं शे, तिलेच सांगसू."

का सोडलं ते सांगितलं नाही. जिचं आहे, तिलाच सांगीन.

तीन दिवसांनी त्या गेल्या.

आता सांगा, हे मी योहानाला कसं सांगू? तोवर ती निदान असं तरी समजत होती की आई समाधानाने गेली. हे सांगितलं तर आई वाट बघतच गेली, हे तिला कळणार. नाही सांगितलं तर ती जन्मभर असं समजणार की तिची जागा कोणीतरी घेतली. मी रोज ठरवायचो आणि रोज गिळायचो. प्लांटमध्ये माझ्या हातून चुका व्हायला लागल्या. आईने दोनदा विचारलं, "भांडलात का?"

जूनमधल्या एका रविवारी, जेवणं झाल्यावर, मी सांगून टाकलं. स्वयंपाकघरातच. आई भांडी पुसत होती, योहाना खाली बसून लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं, इंग्रजीत, आणि सिंधूबाईंचे शब्द त्यांच्याच भाषेत.

ती लसूण सोलतच राहिली. दोन पाकळ्या, तीन पाकळ्या. मग तिने सुरी ठेवली आणि केस सोडले. आईसमोर पाठ करून बसली. "आई, बघा."

आईला माझं इंग्रजी कळलं नव्हतं, पण अहिराणी कळली होती. तिने हात पुसले, आणि योहानाचे केस हळूहळू बाजूला करत गेली. तिची बोटं थांबली. मी वाकून पाहिलं. केसांच्या मुळाशी, टाळूवर… बोराएवढा, लालसर.

"आहे गं बाई," आई म्हणाली. "आहे."

तेहतीस वर्षांत योहानाने तो कधी पाहिला नव्हता. स्वतःच्या टाळूवरचं कोणाला दिसतं?

ती इतकी रडली की आईने तिला मांडीवर घेतलं. मला वाटलं, मी चूक केली. पण शांत झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे माझी जागा कोणी घेतली नाही. मला फक्त उशीर झाला."

"हो."

"आणि ते उत्तर तिने कोणाला दिलं नाही."

"नाही."

"मला ते कधीच कळणार नाही," ती म्हणाली. "पण ते माझं आहे."

आखाजीला आलेली ती कोण होती, हे आम्ही तिघांनी त्यानंतर किती वेळा बोललं असेल, गणती नाही. माझं नाव सांगणारा तो कोण होता, हेही. जिच्या हातावर बेल्जियमच्या इस्त्रीचा डाग होता, पण जन्माचा डाग नव्हता, अशी बाई कुठून आली, कशासाठी आली, आणि मरणाच्या चार दिवस आधी एका आईला जेवू घालून कुठे गेली… माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. वाईटासाठी आली होती असं म्हणवत नाही. चांगल्यासाठी आली होती असंही म्हणवत नाही – योहानाचे ते महिने मी पाहिलेत. कोणाला असा काही अनुभव असेल तर जरूर लिहा. चेष्टा केलीत तरी मला राग येणार नाही, मीही तेच करायचो.

त्या रविवारी संध्याकाळी योहाना एकटी कोसाडला गेली. मला येऊ दिलं नाही. आठच्या आत परत आली, चेहऱ्यावर खूप दिवसांनी झोप उतरलेली. दुसऱ्या दिवशी लतामावशींचा फोन आला तेव्हा कळलं. पोर वर आली, कोणाशी न बोलता सरळ खोलीत गेली. फोटोसमोर उभी राहिली. आणि एवढ्या महिन्यांत शिकलेल्या तोडक्या भाषेत, सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली –

"माय, मी उनी."